शिकारपूरची पाटी

त्र्याण्णव साल. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प दोनमधल्या दवाखान्यात माझ्या शेजारी हात झोळीत घेतलेले एक सिंधी लोणचेवाले बसले होते. सोबत त्यांच्याकडे कैऱ्या फोडणाऱ्या गयाबाई.

“दुखतंय काय, शेठ?”

“शिडी तूच काढून घेतलीस, आणि विचारते पण तूच!”

“मग? चार पोरं आली, म्हणाली, ‘शिकारपूर पाकिस्तानात आहे, दुकानाची पाटी काढा.’ आणि तुम्ही लगेच ती काढायला वर चढलात! म्हणून ओढली शिडी.”

“घाबरलो ना. सत्तेचाळीसला शिकारपुरात पण अशीच पोरं दारात आलेली. ‘हा मुल्क फक्त आमचा, तुम्ही निघा.’ एकदम सेम आवाज.”

“काल मात्र तुम्ही पाटीला लोंबकळलात आणि पोरांनाच हसू फुटलं.”

“हात पाटीत अडकून मोडला, तेव्हा त्यांनीच पाय धरून उतरवलं. वर लोणचं पण चाखलं!”

“आमची सगळी चाळ दारात उभी होती, शेठ. पाटीला हात लावायची हिंमत कुणाची? तिकडे नव्हतं कोणी आडवं आलं?”

“आला होता. शेजारचा करीमबख्श. पण एकटाच.”

“अरेरे.”

“म्हणून तर, गयाबाई, आज हात मोडून पण हसतोय. तेव्हा घर सोडताना रडायला पण वेळ मिळाला नव्हता.”