बाबांची हाक आणि आईचा गुडघा

...आणि मोजे कुठे होते? पायात! त्यांच्या स्वतःच्या पायात! आणि त्या मोज्यांसाठी बाबांनी आतल्या खोलीतून जी हाक ठोकली, "अगं एऽऽ, ऐकलंस काऽऽ, माझे मोजे!", त्या हाकेला आई उठली. कुठली आई? जिच्या गुडघ्यात नुकताच नवाकोरा सांधा बसवलाय, ती आई! टाके ओले, वॉकर भिंतीला टेकलेला, आणि ही निघाली मोजे शोधायला. मी दारात आडवी उभी राहिले म्हणून थांबली. तुम्हाला सांगते, पूर्वीची मी असते ना, तर घर डोक्यावर घेतलं असतं. आता नाही. आता मला काही वाटत नाही.

फिजिओबाई येतात रोज सकाळी. कडक बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "वॉकर धरून चालवा, मी सांगेन तेवढंच चालवा, पण झटक्यात उठणं बंद! पडल्या तर सरळ पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर." आई म्हणाली, "नाही हो, मी कशाला उठते?" आणि तेवढ्यात आतून आलं, "अगं एऽऽ!" आणि फिजिओबाईंच्या डोळ्यांदेखत आई अर्धी उठलेली! बाईंनी माझ्याकडे बघितलं. जसं काही मीच हाक मारली!

आणि इकडे माझी रजा संपत आलेली. नोकरी दुसऱ्या शहरात. साहेब फोनवर गोड आवाजात विचारतात, "मॅडम, तुम्ही येताय, की आम्हीच तिकडे येऊ?" पण मी गेल्यावर घरात कोण उरणार? बाबा, आई आणि ती हाक. म्हणजे गुडघ्याचं काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

बरं, हाक साधी नाही हो. बाबांची सगळी हयात कापडाच्या कारखान्यात गेली. मुकादम होते. ओळीनं माग खडखडताहेत, आणि त्यातून जो आवाज पार पलीकडच्या टोकाला पोचतो, त्या आवाजात हा माणूस घरी मीठ मागतो! आणि हाक पुरी व्हायच्या आत आई हजर. लग्न झाल्यापासून. ओरडले, मीठ आलं. ओरडले, टॉवेल आला. मग कोण कशाला उठेल? मी तरी उठले असते का?

आता मी पडले मानसशास्त्राची पदवीधर. कॉलेजात आम्हाला कबुतर होतं शिकायला. कबुतर चकतीवर चोच मारतं, दाणा पडतो. पुन्हा मारतं, पुन्हा पडतो. दाणा बंद केला की हळूहळू चोच मारायचं सोडून देतं. म्हटलं, सोपं आहे!

"आई, ते ओरडले की कुणीही जायचं नाही. हळू बोलले की मी लगेच जाणार. एवढंच."

"अगं, ते काय कबुतर आहेत?"

"नाही गं. कबुतर लवकर शिकतं."

आई हसली नाही. मीही नाही. मला तेव्हापासूनच काही वाटेनासं झालं असावं.

पहिली हाक आली. नेलकटर. आम्ही गप्प. दुसरी आली, जरा वर. गप्प. तिसरीला खिडकीची काच थरथरली. पुस्तकात लिहिलेलंच असतं हो, की दाणा बंद केला की कबुतर आधी दुप्पट जोरानं चोच मारतं, आणि तिथेच टिकून राहायचं असतं! परीक्षेत मी ते छान अधोरेखित करून लिहिलं होतं. पण अधोरेखित केलेलं वाक्य आतल्या खोलीतून तुमच्या नावानं बोंब मारत नाही! टॉवेलच्या हाकेला तर वरच्या मजल्यावरच्या बाई टॉवेल घेऊन खाली आल्या. स्वतःचा! म्हणाल्या, "मला वाटलं, मलाच सांगताहेत." मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आई पलंगाची कड घट्ट धरून बसलेली, घामाघूम. पण बसलेली! टिकली होती हो बिचारी!

आणि कोण नाही टिकलं? आत्या! बाबांची मोठी बहीण. गुडघा बघायला म्हणून आलेली, ती गुडघा बघून झाल्यावरही राहिलेली.

"शिकलीस म्हणून बापाला तळमळत ठेवणार का गं?"

"आत्या, ते नेलकटर मागताहेत!"

"आज नेलकटर मागतोय, उद्या पाणी मागेल! आमच्या वेळी असली थेरं नव्हती, पुरुषाची हाक म्हणजे हाक!"

आणि बाबांचा आवाज जेव्हा आयुष्यातल्या सर्वात उंच पट्टीला पोचला, नेमकं तेव्हा ही बया एका हातात नेलकटर आणि दुसऱ्या हातात गरम चहा घेऊन आत गेली. वर पाठीवरून हात फिरवला! झालं. बाबा काय शिकले? की इतके दिवस आपण उगाच हळू ओरडत होतो! तिथून पुढे प्रत्येक हाक त्याच पट्टीत. या वडीलधाऱ्यांना ना, नुसतं स्वस्थ बसा म्हटलं की यांच्या अंगावर काटा येतो. मी आत्याची बॅग भरली, तिला बसमध्ये बसवलं, हात हलवला. वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून. ओरडा, कुणी येणार नाही. बोला, मी हजर. एके दिवशी आतून आलं, "जरा... पाणी मिळेल का?" मी पळत गेले! "वा बाबा, किती छान विचारलंत!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की पोरीला ताप तर नाही ना. पण जमलं! हळू बोलायला लागले. मग तर काय, स्वतःच उठायला लागले. मीठ कुठल्या बरणीत असतं ते कळलं त्यांना! घर शांत. मी साहेबांना फोन केला, येते म्हटलं.

आणि फोन ठेवते, तर धाडकन आवाज.

वॉकर पडलेला. आई आतल्या खोलीच्या दारात, चौकट धरून, एका पायावर, चेहरा पांढराफटक.

"आई! कुणी हाक मारली तुला?"

"कुणीच नाही! सकाळपासून एक हाक नाही. म्हटलं, आहेत ना... म्हणजे... आहेत ना?"

आतून बाबा धावत आले, तिला काखेत धरलं आणि घाबरून जे काही ओरडले! "अगं ए! अक्कल आहे का, पडली असतीस ना!" आणि तुम्हाला सांगते, त्या ओरडण्यासरशी आईच्या चेहऱ्यावर रंग आला. मी एका कबुतराकडे बघत बसले होते. पिंजऱ्यात दुसरंही होतं.

मग बाबांनी स्वतःचं डोकं लढवलं. थोड्या थोड्या वेळानं आतून ओरडायचं, "मी आहे गं! उठू नकोस!" आणि आई लगेच उठून, "काय म्हणालात?" मी भिंतीला टेकून ऐकत उभी. राग नाही, हसू नाही, काही नाही.

शेवटी त्यांनी काय केलं, तर आपली आरामखुर्ची ओढत ओढत आणली आणि आईच्या पलंगाला चिकटवून ठेवली. बसले. आता ओरडायची गरज नाही, तिला उठायची गरज नाही. कुठल्या पुस्तकात आहे हे? कुठल्याच नाही! काल फिजिओबाईंनी गुडघा वाकवून बघितला, म्हणाल्या, "उत्तम! आता तुम्ही खुशाल जा."

म्हणून आज बॅग भरायला घेतली. कपड्यांच्या घड्या घालतेय, आणि बाहेरून दोन आवाज, एकदम, एका सुरात, "अगं एऽऽ, ऐकलंस काऽऽ!"

हातातली घडी टाकून मी धावले. दारात पोचले तेव्हा कळलं, की धावले. दोघं शेजारी शेजारी बसलेली, एकच शाल पायांवर.

"काय झालं? गुडघा दुखतोय? काय हवंय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. अगदी हळू आवाजात, मी शिकवल्यासारखे. "बघत होतो, येतेस का."

"आली की!" आई म्हणाली. "गुणाची गं माझी बाई. आणि आलीच आहेस, तर चहा टाक."

टाकला.