बिनरक्ताचा

(कालिम्नोस बेटावरचं एक स्वयंपाकघर. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाचे दिवस. गॅसवर ऑक्टोपस शिजतोय.)

एव्दोकिया : पुन्हा वाच. हळू वाच.

थेक्ला : मावशी, ही पाटी शाळेच्या मुलांसाठी आहे. आमच्या मत्स्यालयात काचेवर लावायची. तू कशाला...

एव्दोकिया : वाच म्हटलं ना.

थेक्ला : 'ऑक्टोपस. वर्ग शीर्षपाद. याला तीन हृदयं असतात आणि याचं रक्त निळं असतं.'

सारांतोस : शीर्षपाद म्हणजे गं काय?

थेक्ला : डोक्यालाच पाय फुटलेला, काका.

सारांतोस : म्हणजे तुझे बाबा. डोकं चालायच्या आधी पाय चालतात त्यांचे.

एव्दोकिया : चेष्टा पुरे, सारांतोस. थेक्ला, याला रक्त नसतं. म्हणून तर उपवासाला चालतो. मासळी वर्ज्य, कारण तिला रक्त. ऑक्टोपस, माकूल, कोळंबी चालते, कारण ते जीव बिनरक्ताचे. माझी आई हेच सांगायची, तिची आईही हेच.

थेक्ला : लाल नसतं म्हणून तसं म्हणत असतील. आपलं रक्त लोहामुळे लाल, याचं तांब्यामुळे निळं. तू साफ करतेस तेव्हा डोळ्यांत भरत नाही, इतकंच.

एव्दोकिया : पण रक्तच.

थेक्ला : हो. रक्तच.

एव्दोकिया : गॅस बंद कर.

थेक्ला : अगं, शिजत आलाय.

एव्दोकिया : बंद कर म्हणते ना.

सारांतोस : आणि मी काय खाऊ? संध्याकाळी बोट धरायचीय. उद्या ते हॉस्पिटलवाले पाण्याचा घोटसुद्धा देणार नाहीत.

एव्दोकिया : तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं.

थेक्ला : असं काय करतेस, मावशी? सगळं बेट असाच उपवास करतं.

एव्दोकिया : माझा नुसता उपवास नाही, नवस आहे. डॉक्टर म्हणाले ना, याच्या हृदयाची झडप बदलायची, त्याच संध्याकाळी देवमातेपुढे दिवा लावून बोलले होते. याचं काळीज सांभाळ. हा घरी परत येईपर्यंत रक्त असलेला जीव मी तोंडाला लावणार नाही. जीव म्हटलं होतं, मासा नाही. आणि रविवारी ऑक्टोपस खाल्ला. उद्या याची छाती उघडणार, आणि मी तीन-तीन काळजं खाऊन बसलेय.

सारांतोस : त्यातलं एक मला काढून ठेवायचंस.

एव्दोकिया : सारांतोस!

सारांतोस : बरं, बरं. गप्प बसतो.

थेक्ला : मावशी, ऐक. आपल्या जुन्या पंडितांनीही याला बिनरक्ताचाच म्हटलंय. लाल असेल तेच रक्त, असं धरून चालायचे ते. तूही त्याच अर्थाने बोललीस. हवं तर पाटीवर मी 'निळा द्रव' लिहिते.

एव्दोकिया : पाटी बदलली म्हणून त्याच्या अंगातलं रक्त पाणी होणार आहे का? शब्दाची पळवाट नको गं मला. नवस बोलताना मी 'फक्त लाल' असं म्हटलं नव्हतं.

थेक्ला : मी उगीच वाचली.

एव्दोकिया : उगीच कशाला? खरं तेच वाचलंस. पण आता मी याला कोणत्या तोंडाने बोटीवर बसवू?

सारांतोस : एव्दोकिया, एक विचारू? चेष्टा नाही. आपली कातीना लहान होती तेव्हा पाण्याला काय म्हणायची?

एव्दोकिया : 'बू'. हे आत्ता कुठून काढलंस?

सारांतोस : आणि दुधाला?

एव्दोकिया : दुधालाही 'बू'च. तिला सगळंच बू.

सारांतोस : मग नीट नाव घे, तरच देते, असं म्हणायचीस तिला?

एव्दोकिया : काहीतरीच. तोंडाकडे बघून कळायचं ना, काय हवंय ते.

सारांतोस : बघ. तुला कळायचं.

थेक्ला : काका, आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात.

सारांतोस : छाती उघडायची वेळ आली की सुचतं.

एव्दोकिया : ... थेक्ला, अजिबात रक्त नाही असं समुद्रात काय असतं?

थेक्ला : समुद्रफूल, खडकाला चिकटून राहणारा तो जीव. त्याला रक्त नाही, हृदयही नाही. आणि स्पंज.

सारांतोस : जन्मभर बुड्या मारून स्पंज काढले. आता ते खायला नका लावू कुणाला.

एव्दोकिया : तुला कोण लावतंय? मला मसूर पुरे, पाव पुरे. कळलं नव्हतं तोवरचं देवमातेने समजून घ्यावं. आता कळलंय, तर आता हेच पाळायचं, हा दारात येईपर्यंत. पेटव गं तो गॅस.

थेक्ला : कुणासाठी?

एव्दोकिया : याला वाढायला नको? नवस माझा आहे, त्याचा नाही.

सारांतोस : मला तर देवमाता आत्ताच पावली.

एव्दोकिया : जिभेला हाड आहे का काही? आणि थेक्ला, ती पाटी...

थेक्ला : बदलू?

एव्दोकिया : नको. खरं आहे ते लिहिलंच पाहिजे. फक्त ईस्टर होऊ दे, मग लाव. खालच्या गल्लीतल्या फोतिनीचा मुलगा जहाजावर आहे. तिचाही माझ्यासारखाच नवस आहे, आणि सकाळी बंदरावर ती माझ्या पुढेच ऑक्टोपस घेत होती.