धुळीतून परत आलेला चेंडू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये दात काढले तर मी उठून जाईन. नव्वद सालानंतर मी बहारीनला कंपनीची गाडी चालवायचो. आमचा इंजिनियर ग्रेग कॅनडाचा, तिकडच्या फुटबॉलात क्वार्टरबॅक होता. म्हणजे तो लांबट चेंडू हाताने लांब फेकायचा, एवढंच मला कळलं. अमेरिकेच्या एका टीमने त्याला चाचणीला बोलावलं होतं.

"कॅनडावाल्याला तिथं कोणी विचारत नाही, कांबळे. हा शेवटचा चान्स," म्हणायचा.

रोज शिफ्ट सुटली की सखीरच्या वाळवंटात तो फेकायचा आणि मी धावत जाऊन चेंडू उचलून परत फेकायचो. जायच्या आदल्या दिवशी धुळीचं वादळ उठलं. मी गुपचूप गाडीत बसलो, काचा वर केल्या. तो वेडा फेकतच राहिला. अर्ध्या तासाने चेंडू काखेत मारून आत आला. खूश होता.

"कांबळे, आज काय फेकलंस. प्रत्येक चेंडू सरळ हातात."

"साहेब, मी गाडीतून उतरलोच नाही."

तो काचेतून बाहेर बघत बसला. बाहेर पिवळ्या धुळीशिवाय काही नव्हतं.

"यल्ला, चल," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडायला म्हणून त्याच्या खोलीवर गेलो, तर हा कामाच्या कपड्यात दारात उभा.

"अमेरिका?"

"खलास." त्याने दोन्ही पंजे पुढे केले. लालभडक, सुजलेले. "तिकडून जो फेकत होता, त्याचा हात माझ्यापेक्षा भारी होता, कांबळे. त्यालासुद्धा कोणी घेतलं नाही."