महिन्याचा किराणा आणि गिदोन मास्तरांचा डबा

...आता तुम्हीच सांगा, बायकोनं हातात पिशवी दिलीय, पिशवीत यादी आहे, यादीत तूरडाळ, गोडेतेल, गूळ, चहा, मीठ-मिरची सगळं ओळीनं लिहिलंय, खिशात मोजून बावीस रुपये आहेत... असा माणूस सरळ दाळमंडईत जायचं सोडून भिंगारला लष्कराचा लिलाव बघायला जातो कशाला? बघायला हं! घ्यायला नव्हे! गिदोन मास्तर अजून शपथेवर सांगतात, ‘मी नुसता बघायला गेलो होतो.’ अहो, नुसतं बघायला गेलेला माणूस घरी येताना डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन येतो होय?

आणि हा माणूस मिशनच्या शाळेत शिकवतो काय? गणित! हसू नका. नगरची निम्मी पोरं त्यांच्याकडून त्रैराशिक शिकली, पण तुम्हाला सांगतो, घरातलं गणित आलं की मास्तरांचा हातचा हमखास चुकायचा.

लढाई संपून वर्ष झालं होतं, पण स्वस्ताई काही परत आलेली नव्हती. धान्य रेशनकार्डावर, साखर चिमूटभर, गोडेतेलाचा भाव ऐकला की नुसती फोडणी आठवूनच घशाला कोरड! त्यात मास्तरांचं आणि दीनाबाईंचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झालेले. दोघंच दोघं, तरी वीस तारीख उजाडली की घरातले डबे रिकामे, आणि दीनाबाई वाटी घेऊन शेजारी... ‘जरा गूळ देता का?’ ही बातमी राहुरीला मास्तरांच्या आईपर्यंत पोचली. कशी पोचली विचारू नका! मार्थाबाईंना तार लागत नाही, वारा पुरतो.

मार्थाबाई आल्या, सगळ्या डब्यांत हात घालून बघितलं आणि म्हणाल्या, “तुमच्यानं न्हाई व्हायचं. एक डाव बघते. ह्या म्हैन्यात पुन्यांदा कुनाच्या दारात वाटी गेली, तर खोली सोडायची आन् गुमान राहुरीला यायचं. गिदोन आगगाडीनं जाईल की साळंत!”

आगगाडीनं! रोज पहाटे उठून! पण मास्तरांची झोप गेली चुलीत, खरी गोष्ट दीनाबाईंची होती. ती दोन खिडक्यांची खोली म्हणजे त्यांचा जीव. माहेरी सात भावंडांत वाढलेली बाई, जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं खिडकीला पडदा शिवून लावलेला! त्यांनी त्याच दिवशी मास्तरांना समोर बसवलं, यादी केली, खोडली, पुन्हा केली. चहा दोनदाच. सुपारी बंद. बावीस रुपयांच्या वर एक पै नाही. आणि म्हणाल्या, “ठरलं म्हणजे ठरलं!”

मास्तरही छाती काढून म्हणाले, “ठरलं म्हणजे ठरलं!”

आणि चौथ्या दिवशी भिंगार!

तिथं काय चाललेलं? गोऱ्या सोल्जरांचा उरलासुरला माल निघालेला, घोंगड्या, बादल्या, बूट, आणि एका कोपऱ्यात हे चौकोनी डबे. वरचे कागद सोललेले, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. मास्तरांच्या शेजारी उभा होता फक्रुद्दीन, भिंगारचा नानकटाईवाला. तो कानाशी लागून म्हणतो, “मास्तर, लोणी असंल, लोणी! साहेबलोक काय आपल्यासारखी रेशनची लाल जवारी खातात?”

झालं! लोणी म्हटल्यावर मास्तरांना काय काय दिसायला लागलं... लोण्याचं तूप, तुपाचा वास, दीनाबाईंचं हसू, आईची तोंडात बोटं! हात कधी वर गेला ते त्यांनाच कळलं नाही. पंधरा रुपये! बाविसातले पंधरा! आणि फक्रुद्दीन? शहाणा गप्प उभा, हात खिशात!

घरी आल्यावर डबा उघडला. लोणी नाही. तूप नाही. पिवळी पूड! दीनाबाई डब्याकडं बघतात, मास्तरांकडं बघतात, पुन्हा डब्याकडं बघतात. शेवटी मास्तरच चाचरत म्हणाले, “अगं, बेसन दिसतंय. विलायती बेसन.”

“मग आणा चुलीपाशी,” एवढंच म्हणाल्या त्या.

पिठलं केलं. आता पिठलं कसं, रटरटतं, पातळ असतं, भाकरीवर पसरतं. हे फुगलं! फुगलं आणि घट्ट होऊन बसलं, चमच्यानं दाबलं की खाली जातंय, सोडलं की वर येतंय! दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते दुधाची पूड समजून चहात घातलं, तर चहात गाठी. उरलेल्या सात रुपयांत मीठ, मिरची, थोडी डाळ आली, आणि रोज ताटात भाकरी आणि पिवळं. सकाळी पिवळं, संध्याकाळी पिवळं! दीनाबाई त्यात कांदा घालायच्या, मिरची घालायच्या, आणि वाढायच्या. वाटी मात्र शेजारी गेली नाही हं! ठरलं म्हणजे ठरलं!

पण मास्तरांना घास उतरेना. पिवळ्यामुळं नव्हे हो... ती खिडकीपाशी उभी राहून पडद्याचं टोक हातात धरायची, ते बघवेना. एकदा म्हणाले, “दीना, चुकलं माझं.” तर ती म्हणते, “मला विचारून चुकला असता तर दोघं मिळून चुकलो असतो.”

आणि तेवढ्यात राहुरीहून पोस्टकार्ड आलं: गुरुवारी मार्थाबाई येताहेत!

गुरुवार आला, मार्थाबाई आल्या, पाटावर बसल्या. वाढायला दुसरं होतंच काय? भाकरी, ठेचा आणि पिवळं. म्हातारीनं एक घास खाल्ला. थांबली. दुसरा खाल्ला. मास्तर भिंतीला टेकून उभे.

“सूनबाई,” म्हातारी म्हणाली, “अंड्याची पोळी लई झ्याक झालीया. पर किती अंडी फोडली गं ह्यात?”

अंडी? दोघं एकमेकांकडं बघायला लागली.

“बोला की! धा? बारा? औंदा कोंबड्यांवर मर आली, राहुरीत घरटी एक ऱ्हायली न्हाई, अंडं बघाया मिळंना, आन् तुमी एका ताटात बारा अंडी घालता? ह्याला घर चालवनं म्हनत्यात व्हय? बांदा समान!”

संपलं! मास्तरांनी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. भिंगार, लिलाव, लोणी, पंधरा रुपये, पिठलं, चहा, सगळं एका दमात. आणि शेवटी म्हणाले, “आई, दीनाचा काही दोष नाही. तिनं एकाच्याही दारात वाटी नेली नाही.”

म्हातारीनं डबा पुढं ओढला, बोटावर पूड घेतली, जिभेला लावली. आणि तुम्हाला सांगतो... हसायला लागली! पदर तोंडाला लावून, ठसका लागेपर्यंत!

“आरं मास्तरा! ही तर वाळवलेल्या अंड्याची पूड! आर्धा डबा भरून अंडी घिऊन बसलाय तू, आन् घरात उपास! तो नानकटाईवाला अंडी कुटनं आनतो, इचार की त्याला!”

विचारायची खोटी! फक्रुद्दीनच्या भट्टीवर अंड्यावाचून केक बंद पडलेले. त्यानं पूड पाण्यात कालवून, फेटून एक केक काढला आणि फुगलेला बघून आधी कपाळाला हात लावला, “या अल्ला, माझ्याच हातानं सोडला मी हा डबा!” मग उरलेल्या अर्ध्या डब्याचे सतरा रुपये रोख मोजले. मास्तर तिथून जे सुटले ते थेट दाळमंडईत. यादी तीच, तूरडाळ, गोडेतेल, गूळ, चहा, आणि वर दोन रुपये शिल्लक! घरी येऊन पिशवी दीनाबाईंपुढं ठेवली. दीनाबाईंनी पिशवीतला एकेक पुडा बाहेर काढला, गुळाचा खडा मोडून आधी सासूच्या हातावर ठेवला, मग नवऱ्याच्या, आणि मग इतक्या दिवसांनी पोटभर हसल्या. मार्थाबाई जाताना म्हणाल्या, “ऱ्हावा हितंच. जमतंय तुमाला.”

महिना संपला. वाटी घरातच. खोली आपली, पडदा आपला, पहाटेची गाडी राहुरीलाच. मास्तरांना वाटलं, सुटलो बुवा!

एक तारखेला कार्ड आलं. मार्थाबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: ‘धाकटा योहान आणि त्याची बायको लिडिया यांस तुमच्याकडे दोन महिने धाडीत आहे. तुम्ही काटकसरीने संसार करता, तो त्यांनी जवळून बघावा.’ आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली नाही म्हणून आडवी लिहिलेली ओळ: ‘लिडियास दिवस गेले आहेत. भूक फार लागते.’

मास्तरांनी कार्ड दीनाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, आणि पाट दोनाचे चार मांडले.