मठातल्या पादुका

(कुंभकोणम्. साईरामचं पितळी भांड्यांचं दुकान, भर दुपारी. शटर आतून खाली ओढलेलं.)

साईराम : डेय एकोजी, तो हंडा ठेव खाली! पितळ आहे रे बाबा. बघ, पाचही बोटं रुतली त्यात. आता हा कोण घेईल?

एकोजी : पोस्टर कुणी छापलं?

साईराम : मीच! का, फोटो वाईट आला? 'लोखंडी अण्णा एकोजी यांचा भव्य सत्कार.' फर्स्ट क्लास आहे की.

एकोजी : खालचं वाच.

साईराम : 'जिवलग बालमित्र साईराम आणि वकील कृष्णकुमार.' यात काय चुकलं?

कृष्णकुमार : एकोजी, बस आधी. गेल्या महिन्यात देवळाच्या उत्सवात कलता रथ तू एकट्यानं पाठीवर तोलून धरलास. शेकडो माणसं वाचली. गाव तुला डोक्यावर घेऊन नाचतंय. त्यात आम्ही थोडं मिरवलो, तर...

एकोजी : मिरवा. हवं तितकं मिरवा. पण आधी मजबरोबर घरी चला. आईस सांगा.

साईराम : काय सांगायचं?

एकोजी : मठातल्या चांदीच्या पादुका कुणी उचलल्या ते.

साईराम : अय्यो! वीस वर्षं झाली रे त्याला. पंधरा-सोळाची पोरं आपण. विड्या ओढायचो, शाळा बुडवायचो, घरोघर शिव्या खायचो. घसरला पाय.

एकोजी : पाय तुमचा घसरला, पडलो मी. मी तर नको म्हणत होतो. तुझा हात धरला होता, साईराम. अन् सापडलात तेव्हा दोघेही माझ्या अप्पांच्या पायाशी रडून म्हणालात, 'एकोजीनं नेल्या.' मी गप्प बसलो. कशास बसलो, किट्टू?

कृष्णकुमार : माझ्या ताईसाठी.

एकोजी : रम्याताईचं लग्न माझ्या हरिअण्णाशी, आठ दिवसांवर. नवऱ्याचा भाऊ चोर निघाला तर लोक चालवून घेतात. नवरीचा निघाला तर लग्न मोडतं. म्हणून म्हटलं, असो, नाव माझं राहू दे. तुम्ही दिव्यावर हात ठेवून बोललात, लग्न झालं की खरं सांगू.

साईराम : बोललो होतो. खोटं कशाला बोलू?

एकोजी : दोन वर्षं सुधारगृहात काढली. तिथं एकदा भिंत कोसळली. सगळी पोरं बाहेर निघेस्तोवर धरून राहिलो. तेव्हा कळलं मजला, अंगात हे काय आहे. पहिलं मनात काय आलं ठाऊक? आता तरी आई भेटायला येईल.

साईराम : आल्या मामी?

एकोजी : नाही. अजूनही जेवायला वाढते, विचारपूस करते, पण मी घरात असलो की देवाच्या कपाटाला कुलूप घालते. माझ्या एका बोटानं तुटेल ते, तिलाही ठाऊक. तरी घालते. उद्या सत्कारास येत नाही म्हणाली. गावानं हार घालून काय करू मी? चला. दोन गल्ल्यांवर घर. एक वाक्य बोला, परत या.

साईराम : सरी, ठीक आहे. मी येतो. मामी चपलेनं मारतील, मारू देत. किट्टू, ऊठ रे.

कृष्णकुमार : मी येत नाही.

एकोजी : वकिलीची अब्रू जाईल?

कृष्णकुमार : त्यासाठी नव्हे. माझं सांगून झालंय.

साईराम : काय?

कृष्णकुमार : लग्नानंतर पाचव्या दिवशी गेलो होतो. अप्पांना सगळं सांगितलं. माझं नाव, साईरामचं नाव, सगळं.

एकोजी : खोटं.

कृष्णकुमार : ताईची आण. अप्पा म्हणाले, 'एक पोर तर गेलंच. आता दुसऱ्याचा संसार कशास मोडू? इथंच राहू दे हे.'

साईराम : डेय, हे मलासुद्धा ठाऊक नाही! इतकी वर्षं पोटात ठेवलंस?

एकोजी : अप्पांनी त्यानंतर भजनात चिपळी हातात धरली नाही. सगळे म्हणाले, एकोजीच्या लाजेनं.

कृष्णकुमार : सगळे तसंच म्हणाले. मीही म्हणू दिलं. सोपं होतं रे. मोठ्यांनीच गप्प राहा म्हटल्यावर मी सुटलो. भित्रा होतो. अजून आहे.

एकोजी : अप्पा गेले. त्यांस आता काय विचारू! आईस तरी सांग. ऊठ.

कृष्णकुमार : एकोजी...

एकोजी : आईस नाही ना ठाऊक?

साईराम : किट्टू, बोल की रे!

कृष्णकुमार : मामी तिथंच होत्या. स्वयंपाकघराच्या दारात. कॉफी घेऊन आलेल्या.

एकोजी : सगळं ऐकलं?

कृष्णकुमार : सगळं.

एकोजी : काय म्हणाली?

कृष्णकुमार : पेला माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, 'निवतेय. पिऊन जा.'

एकोजी : आणि तू?

कृष्णकुमार : प्यालो.