तांबडी बाटली

...आनि वर पोरगी मलाच शिकवती, "आई, ही दारू न्हाई, वाइन हाय!" आता तुमीच सांगा, जिनं घरोघर फिरून बायका गोळा केल्या, मतदानात आडव्या बाटलीवर शिक्के मारायला लावलं, गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, त्या ह्या विजयमालाच्या, माझ्याच घरात बाटली? आनि आणली कुणी? पोटच्या पोरीनं, समीक्षानं! कुठनं? टास्मानियातनं, तिथं वाइनच्या कारखान्यात कामाला हाय ती! ऑस्ट्रेलियाच्या बी खाली, समुद्रात हाय म्हणं ते. लय गार वारं, द्राक्षं सावकाश पिकत्यात, आनि त्याची ही तांबडी... दारू न्हाई म्हणं, वाइन हाय!

तुमास्नी सांगते, आमची बी बाग हाय की तासगावात! आमी बेदाणा करतो. बेदाणा खाऊन कोण गटारात पडलंय का कवा? आमचं मालक, लालासाहेब, मिल्ट्रीतनं पेन्शनीत आलं ते बाटली घिऊनच आलं. ती कशी सोडवली, माझं मला ठावं! आनि ही पोरगी बाटली ठेवती कुठं, तर त्यांच्याच कपाटात! "आई, गार जागा लागती, आनि आडवीच ठेवायची असती." घ्या! आमी आडवी करून बंद पाडली, ही आडवी करून मुरवती!

म्हटलं, मोरीत ओतून मोकळं व्हावं. दुपारी हळूच खोलीत गेले, तर... मालक कॉटवर बसल्यालं, मांडीवर बाटली! बूच तसंच, पर अंगठा बुचावरच फिरत व्हता. मी वरडणार तवर तेच म्हणालं, "घिऊन जा हितनं. पर ओतू नगंस. पोरीनं पयल्यांदा सोताच्या हातानं केलीया. मला चव घेता येत न्हाई... तू घे."

मी? दारूबंदीची अध्यक्ष?

तवर समीक्षा दारात. "आई, तिथलं साहेब म्हणत्यात कायमची ऱ्हा. पर मला कळंना. समदी तोंडावर गोड बोलत्यात. तू न्हाई बोलत. तू सांग. नसंल जमली, तर मी परत येते, आपली बाग बघते."

आली का पंचाईत! दार लावलं, खिडकी लावली, पोरीनं बूच काढलं, च्याच्या कपात घोटभर ओतली. दारू न्हाई म्हणं, वाइन हाय... खरं सांगते, मी देव पाण्यात घातलं! कडू लागू दे, नासकी लागू दे, ओकारी येऊ दे, पर माझी पोरगी घरी ऱ्हाऊ दे! थुकायच्या तयारीनंच तोंडात घेतली...

थुकलीच न्हाई. आदी आंबूस, करवंदागत. मग गोडसर, मग घशातनं ऊब उतरत गेली, लय सावकाश. आनि पोरगी माझ्या तोंडाकडं बघतीया, श्वास धरून! "वंगाळ" म्हणायचं, एवढंच की वो! तोंड उघडलं बी... आनि कपातला उरल्याला थेंब बी पिऊन बसले! मालक म्हणत्यात, "सांग की, कशी झालीया?"

काय सांगू? कपाळ माझं! कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, म्हटलं, "समीक्षे... तिकीट काढ जा."