सत्तेचाळीस तारांची धुनकी

सिंदीच्या तिकीट खिडकीपुढं रीताच्या मागं दोन म्हातारे उभे होते. रीताचा कान आपोआप तिकडं गेला.

"हबीबभाई, नागपूरले तुमच्या नसीमचा कार्यक्रम कसा झाला?"

"झकास. हार्प म्हणते त्या वाज्याले. कापूस पिंजाची माही धुनकीच समज नत्थू, पण तारा सत्तेचाळीस. माह्या ठोक्यायवरच पोरीनं धून बांधली."

"वळखली तुमी?"

"मधातच ते थांबली. धून सरली समजून लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. कापूस उलटवाले मी रोज तेवढाच थांबो."

"अन् खरंच सरली तवा?"

"तवा सारे टाळ्या वाजवून राह्यलते, अन् मी नव्या सदऱ्यावरचा कापूस झटकून राह्यलतो."